विनय कीं अपराध?

विनय हा सद्गुण खरा. पण तो सर्वत्र सद्गुणच राहतो काय? इंग्लंडांत २००५ सालीं नाकाच्या साध्या शस्त्रक्रियेसाठीं भूल देतांना एका स्त्रीचा श्वासमार्ग बंद झाला. निष्णात डॉक्टर नळी घालण्याच्या खटपटींत गढून गेले. एका परिचारिकेनें गळ्याला छेद देण्याचीं उपकरणें आणलीं. दुसरीनें अतिदक्षता विभागांत खाट राखली, आणि डॉक्टरांची मुद्रा पाहून रद्दहि केली! १३ दिवसांनीं ती स्त्री मरण पावली. काय करावयास हवें हें कळत होतें, पण बोलावें कसें तें कळेना, असें परिचारिकांनीं मागाहून सांगितलें. दोष त्यांच्या माथीं मारणें मला अन्यायाचें वाटतें. ज्येष्ठांच्या कपाळावरील आठीचा हिशेब कोणी मागत नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००८ च्या तपासणीसूचींत, छेद घेण्यापूर्वीं प्रत्येकानें आपलें नांव व काम सांगावें, असें कलम आहे. हें वरवर पोरकट दिसतें. परंतु त्यामुळें कनिष्ठाचा आवाज त्या खोलींत निदान एकदां तरी उमटलेला असतो.