भिंतीतले कूळ

रत्नागिरीच्या आसपासच्या जुन्या घरांतून मधमाश्यांनी बिऱ्हाड करावे, यात नवल काही नाही. जांभ्याच्या चिऱ्यांची जाड भिंत, माती झडून पडलेल्या भेगा, कधीकाळी फळी ठोकून बंद केलेला कोनाडा. आणि बाहेर माड, पोफळी, काजू, आंबा. सातेरी माशीला याहून अधिक काय हवे? ती आग्या माशीसारखे उघड्यावर एकच मोठे पोळे टांगत नाही. तिला अंधार लागतो, आणि त्या अंधारात ती एकाशेजारी एक अशी पाच-सात पोळी रचते. झाडाची ढोली आणि भिंतीची पोकळी यांत तिला भेद दिसत नाही. आपल्याला दिसतो, कारण भिंत आपली असते.

ही भिंत 'आपली' म्हणजे कशी, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. कोकणातली कितीतरी घरे वर्षातले दहा-अकरा महिने कुलपात असतात. गणपतीला चाकरमानी येतो, दार उघडतो, आणि माजघराच्या भिंतीतून गुणगुण ऐकू येते. पहिला उद्गार ठरलेला असतो, की यांनी घर बळकावले. दुसरा, की फवारा आणा.

बळकावणे हा शब्द कोकणात तरी जपून वापरावा. इथे १९४८ चा कूळकायदा आला. त्याच्या पुढच्या दुरुस्तीने १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला आणि कसणारे कूळ जमिनीचे मालक मानले गेले. काही घरांत त्या दिवसाचे नाव अजून दात खाऊन घेतात, काही घरांत हात जोडून. त्या कायद्यामागचा विचार मला पटतो. कागद एकाचा आणि घाम दुसऱ्याचा असेल, तर घामाचाही काही हक्क असतो. माशीच्या नावाने सातबारा निघणार नाही, हे मलाही कळते. पण जो विचार माणसाच्या वेशीपाशी येऊन थांबतो, तो न्याय होता की नुसती तडजोड, असे एकदा स्वतःला विचारून पाहायला हरकत नसावी.

उलट बाजू खोटी आहे असे नव्हे. घरात पाळण्यातले मूल असते. काही माणसांना एक डंखही जिवावर बेततो. अंग सुजते, श्वास कोंडतो. 'राहू द्या बिचाऱ्यांना' असे ओटीवर बसून सांगणाऱ्याने त्या माजघरात एक रात्र निजून दाखवावे. मोहोळ काढण्याचा अधिकार घरात राहणाऱ्याला आहे, हे मी मान्य करूनच पुढे जातो.

आपल्या धर्मशास्त्रकारांनी गृहस्थाच्या घरात पाच हिंसास्थाने सांगितली आहेत. चूल, जाते, केरसुणी, उखळ आणि पाण्याचा घडा. या पाच ठिकाणी किडामुंगी मरते, म्हणून रोजचे पाच यज्ञ, आणि त्यांतला एक भूतमात्रांसाठी. यातला प्रामाणिकपणा मला आवडतो. हिंसेवाचून घर चालते अशी बतावणी त्यांनी केली नाही. पण चुलीपाशी मुंगी मरते ती कामाच्या ओघात, नकळत. हजारो माश्या भिंतीत नांदत आहेत हे ठाऊक असताना भेगेत विष सोडणे, हे त्या पाचांच्या शेजारी सहावे म्हणून बसवता येणार नाही.

शिवाय भिंतही हिशेब ठेवते. माश्या मेल्या तरी पोळी आतच राहतात. पंख हलवून त्यांना गार ठेवणारे कोणी उरत नाही, उन्हाने मेण मऊ होते, मध पाझरतो, मुंग्या येतात. दुसऱ्या मोहोळाच्या माश्या तो मध लुटायला येतात आणि विष घरी घेऊन जातात.

जाणता माणूस असे करत नाही. तो थोडी धुरी देतो, भेग मोकळी करतो, पोळी एकेक कापतो. अंड्या-अळ्यांची पोळी लाकडी चौकटीत दोऱ्याने बांधून पेटीत ठेवतो. राणी सापडली आणि पेटीत गेली, की बाकीच्या तिच्यामागे येतात. संध्याकाळी चरायला गेलेल्या परतल्यावर दार बंद करून पेटी दोन-तीन किलोमीटर दूर न्यायची. जवळ ठेवली तर माश्या सकाळी जुन्याच भिंतीकडे परततात. ही विद्या आपल्याकडे दुर्मिळ नाही. महाबळेश्वरला खादी ग्रामोद्योग मंडळाचे मध संचालनालय आहे, पुण्याला १९६२ पासून मधमाशी संशोधन संस्था आहे.

याला आपण 'माश्या वाचवल्या' असे म्हणतो. माझा आक्षेप मधाला नाही, या शब्दाला आहे. आपण घर काढून घेतले, पेटी दिली आणि पुढे दर हंगामाला मध घेऊ लागलो. म्हणजे कूळ भिंतीतून पेटीत आले आणि खंड भरू लागले. निदान त्या पेटीचे दार उघडे असते. जागा मानवली नाही तर सातेरी सारे बिऱ्हाड घेऊन उडून जाते, आणि या बाबतीत ती फार मानी आहे.

पण माझ्या मते खरा नैतिक प्रश्न मारण्या-तारण्यापेक्षा वेळेचा आहे. गणपती येतात भाद्रपदात. पावसात फुलोरा कमी असतो, मोहोळ साठवलेल्या मधावर कसेबसे तग धरून असते. नेमकी तेव्हाच चाकरमान्याला आठ दिवसांची रजा मिळते. त्या आठ दिवसांत पोळी कापली, मध बरणीत भरून मुंबईला नेला आणि माश्या पेटीत 'वाचवल्या', तर त्या पेटीत उपासमार तेवढी उरते. रोज राहते घर असेल, मूल असेल, तर उद्याच काढा. पण मध त्यांच्यापाशी राहू द्या आणि साखरेचा पाक घाला. घर पुन्हा वर्षभर कुलपातच जाणार असेल, तर आतली भेग चिखलाने लिंपून आठ दिवस काढता येतात. बाहेरची वाट त्यांना मोकळी असतेच. मग पावसाळा सरल्यावर, फुले आल्यावर माणूस बोलवावा. त्यासाठी आणखी एक खेप पडेल, रजा लागेल, शेजाऱ्याकडे किल्ली ठेवावी लागेल. मोहोळाच्या बदल्यात तराजूच्या दुसऱ्या पारड्यात आहे ते एवढेच, आणि तेही टाळायचे असेल तर माणसाने तसे सरळ म्हणावे.

काढून झाल्यावर पोकळीत मेणाचा वास राहतो. माश्यांच्या राज्यात घर फुटते तेव्हा जुनी राणी घर लेकीच्या हवाली करून अर्ध्या प्रजेनिशी बाहेर पडते. (आपल्याकडे तरणी बाहेर पडतात, म्हातारी मागे राहतात.) अशा थव्याचे शोधे त्या वासावर पुन्हा त्याच भिंतीकडे येतात. म्हणून मेण खरवडून, चुना-वाळू भरून भोक बुजवावे लागते. बुजवताना हात अडखळत असेल तर आगरात सावलीला एक रिकामी पेटी ठेवावी आणि तिला आतून त्याच जुन्या पोळ्याचा तुकडा घासावा. शोधे निदान येऊन पाहून जातात.