न टाकलेले पत्र

घराच्या वाटणीवरून थोरल्या भावाशी माझे बिनसले ती गोष्ट १९९१ सालची. त्या रात्री मी दादांना चार पानी पत्र लिहिले. लिहू नये ते सगळे त्यात लिहिले. पाकीट चिकटवले, पत्ता घातला आणि सकाळी टिळकवाडीतल्या एका लाल पेटीपुढे जाऊन उभा राहिलो. हात पेटीच्या तोंडापर्यंत गेला आणि परत आला. पत्र आजही माझ्या ट्रंकेत आहे. दादा आता नाहीत. त्यातला एक शब्दही त्यांना कधी कळला नाही, आणि आमचे येणे-जाणे शेवटपर्यंत टिकले ते त्यामुळेच.

मी ते लिहिले म्हणून दोषी, की टाकले नाही म्हणून निर्दोष? प्रश्न जुनाच आहे. भागवताच्या पहिल्या स्कंधात परीक्षिताबद्दल सांगताना म्हटले आहे, की कलियुगात पुण्य नुसत्या संकल्पानेही फळते, पाप मात्र केल्यावाचून लागत नाही. गीतेचा तिसरा अध्याय इतका दयाळू नाही. हातपाय आवरून मनाने विषय चघळत बसणाऱ्याला तो मिथ्याचारी म्हणतो. दोघांचा निवाडा वेगळा; पण मनात येणे आणि हातून घडणे यांच्यात एक मोकळी जागा आहे, आणि ती ज्याची त्याची आहे, हे दोघांनीही गृहीत धरले आहे. ती जागाच कुणी काढून घेतली तर?

हे सुचायला कारण झाला माझा भाचा. तो पुण्यात संकेतस्थळे बनवण्याचे काम करतो. सुट्टीत आला असताना त्याने संगणकावर शोधाचे पान उघडले, खाली आणखी एक चौकट उघडली आणि म्हणाला, "मामा, इथे काहीही टाइप करा, पण बटण दाबू नका." मी 'बेळगाव' लिहू लागलो. एकेक अक्षर उमटले की खालच्या चौकटीत एकेक ओळ वाढे.

"हे काय रे?"

"प्रत्येक ओळ म्हणजे सर्व्हरकडे गेलेली एक विनंती. तुम्ही लिहिताय तोवर पान मागच्या मागे विचारत राहतं."

"पण मी तर काही पाठवलंच नाही!"

तो हसला. मला हसू आले नाही.

पूर्वी असे नव्हते. फॉर्म भरायचा, बटण दाबायचे. मग अख्खे पान पांढरे होई आणि उत्तर येईपर्यंत आपण हात बांधून बसायचे. १९९९ साली मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्सप्लोररच्या पाचव्या आवृत्तीत एक सोय आली. आउटलुकची टपाल ब्राउझरमध्ये नीट चालावी, हा तिचा मूळ हेतू. पान न हलवता, उत्तरासाठी न खोळंबता विनंती पाठवायची. उत्तर येईल तेव्हा तेवढाच भाग बदलायचा. २००४ साली जीमेल आले, पुढच्या वर्षी गूगलचे नकाशे. त्याच २००५ सालच्या फेब्रुवारीत जेसी जेम्स गॅरेट या अमेरिकन माणसाने या रीतीला 'एजॅक्स' असे नाव दिले. नकाशा बोटासरशी सरकतो तो या रीतीमुळे. हाच लेख लिहिताना आमच्याकडे दोनदा लाइट गेली आणि एक ओळही बुडाली नाही, कारण पान आपणहून मजकूर पाठवून ठेवत होते. म्हणजे ज्याबद्दल तक्रार करायची त्याचेच मीठ खाऊन करतो आहे.

तरीही तक्रार आहे. २०१३ साली फेसबुकचा एक संशोधक आणि कार्नेगी मेलन विद्यापीठाचा एक विद्यार्थी यांनी निबंध प्रसिद्ध केला. सतरा दिवस, ३९ लाख माणसे. त्यांतल्या ७१ टक्क्यांनी एकदा तरी काही लिहून ते टाकले नव्हते. काय लिहिले ते आम्ही पाहिले नाही, लिहून ठेवून दिले एवढेच मोजले, असे त्यांनी सांगितले. मी विश्वास ठेवतो. पण मोजता आले, याचाच अर्थ पेटीपुढे घुटमळणारा हात कुणाला तरी दिसत होता. २०२२ साली युरोपातल्या संशोधकांनी एक लाख संकेतस्थळे तपासली. युरोपातून पाहता त्यांतल्या १,८४४ स्थळांवर माणसाने फॉर्म पाठवण्याआधीच त्याचा ई-मेल पत्ता जाहिरातवाल्यांकडे आणि मागोवा घेणाऱ्यांकडे पोचत होता. पत्ता लिहून, विचार बदलून, पुसून टाकला तरी.

भाच्याचे म्हणणे असे, की अर्धे अक्षर गेल्याशिवाय पुढचे सुचवणार कसे? बरोबर आहे. जिथे मीच मदत मागितली तिथे माझे काही म्हणणे नाही. दुकानदारापुढे "ते हे... अमुक..." असे चाचपडताना त्याने वस्तू पुढे केली तर आपण रागावत नाही. पण आपण दुकानाबाहेर उभे राहून, खिसा चाचपून, घ्यावे की न घ्यावे असे मनाशी म्हणत असता आतल्या वहीत नाव चढत असेल, तर? विनंती तीच, तारही तीच. फरक एवढाच, की एकीत मी मागतो आहे आणि दुसरीत माझ्या तोंडून काढून घेतले जात आहे. पडद्यावर मात्र दोन्ही सारख्याच दिसतात, किंबहुना दिसतच नाहीत. लाल पेटी निदान लाल होती.

भाचा झोपायला गेल्यावर मी एकटाच संगणकापुढे बसलो. ती खालची चौकट उघडीच होती. शोधाच्या जागी दादांचे नाव लिहिले, पुढे एक शब्द लिहिला आणि लगेच पुसला. वरची जागा कोरी झाली. खाली ओळी तशाच होत्या; मी त्या मोजल्या, अकरा भरल्या.