परमेश्वराची हाक आणि आपले ‘नंतर’



परमेश्वराला तोंडावर ‘नाही’ म्हणणारी माणसे फार थोडी. आपल्यापैकी बहुतेक जण त्याला ‘हो’च म्हणतो, मात्र त्या ‘हो’ला ‘नंतर’ हा शब्द जोडतो. मुलांची शिक्षणे आटोपली की, घराचे हप्ते फिटले की, नोकरीतून निवृत्त झालो की, भावाने आधी येऊन माफी मागितली की... यात आपण देवाला नकार दिला असे आपल्याला वाटतही नाही. म्हणूनच हा प्रश्न आज स्वतःला विचारायला हवा : पुढे कधीतरी पाळू म्हणून बाजूला ठेवलेली देवाची आज्ञा आपण पाळली असे म्हणता येईल काय?

‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या २४ व्या अध्यायात फेलिक्स नावाचा रोमन सुभेदार आपल्याला भेटतो. संत पौल कैसरिया येथे त्याच्या कैदेत होता. फेलिक्सने आपली पत्नी द्रुसिल्ला हिच्यासह पौलाला बोलावून घेतले आणि ख्रिस्तावरील श्रद्धेविषयी त्याचे म्हणणे ऐकले. पौल सदाचरण, संयम आणि येणारा न्याय यांविषयी बोलू लागला तेव्हा फेलिक्स घाबरला. शब्द त्याच्या काळजाला भिडले होते. पण त्याने पौलाला जाण्यास सांगितले. सवड झाली की पुन्हा बोलावीन, असे तो म्हणाला. विशेष म्हणजे त्याने पौलाला खरोखरच पुन्हा पुन्हा बोलावले आणि त्याच्याशी संभाषण केले. मनात मात्र पौलाकडून पैसे मिळतील ही आशा होती. अशी दोन वर्षे गेली. फेलिक्सच्या जागी दुसरा सुभेदार आला आणि पौल कैदेतच राहिला.

फेलिक्सला सवड मिळाली होती. पण पहिल्या दिवशी त्याला सुटलेला तो कंप पुन्हा सुटला असे शास्त्रात कुठेही लिहिलेले नाही. दिरंगाईचा मोठा धोका हाच आहे. गेलेली वेळ एखाद्या वेळी भरून काढता येते. परंतु हाक ऐकून न ऐकल्यासारखे करण्याची सवय लागली की मन हळूहळू बधिर होते. मग तेच शुभवर्तमान दर रविवारी कानांवर पडते आणि आत काही हलत नाही.

यावर कोणी विचारील, मग माणसाने विचार करूच नये काय? मनात आले की उठून चालू लागायचे काय? हा प्रश्न रास्त आहे. आपल्या प्रत्येक उत्साहाला देवाची हाक समजणे धोक्याचे असते. पवित्र मरियेनेही देवदूताला प्रश्न विचारला होता. हे कसे होईल, हे तिला समजून घ्यायचे होते. तिने मुदत मात्र मागितली नाही. उत्तर मिळताच तिने होकार दिला आणि त्यानंतर ती घाईने यहुदियाच्या डोंगराळ प्रदेशात अलिशिबेकडे गेली. देवदूताने तिला तिकडे जा असे सांगितले नव्हते. वृद्ध नातेवाईक स्त्रीला सहावा महिना आहे, एवढेच त्याने कळवले होते. मरियेने त्या बातमीतच आपले काम ओळखले आणि ती तिथे सुमारे तीन महिने राहिली.

थांबणे आणि टाळणे यांतील फरक कोलकात्याच्या संत मदर तेरेसा यांच्या जीवनात स्पष्ट दिसतो. १० सप्टेंबर १९४६ रोजी त्या दार्जिलिंगला रिट्रीटसाठी निघाल्या होत्या. लोरेटो संस्थेचे कॉन्व्हेंट सोडून गरिबांतल्या गरिबांमध्ये राहावे आणि त्यांची सेवा करावी, ही हाक त्यांना आगगाडीत ऐकू आली. त्या कॉन्व्हेंटबाहेर पडल्या १७ ऑगस्ट १९४८ रोजी, म्हणजे जवळजवळ दोन वर्षांनी. फेलिक्सचीही दोनच वर्षे होती! पण या दोन वर्षांत मदर तेरेसांनी काय केले ते पाहू या. परतल्यावर त्यांनी आपल्या आध्यात्मिक मार्गदर्शकांना सारे सांगितले. आर्चबिशपांना पत्रे लिहून उशीर करू नका अशी विनवणी केली. त्यांच्याकडून आणि पुढे रोमहून परवानगी येईपर्यंत आज्ञाधारकपणे शाळेत शिकवण्याचे काम चालू ठेवले. परवानगी हाती येताच त्या निघाल्या. पाटण्याला शुश्रूषेचे थोडे प्रशिक्षण घेतले आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये मोतीझीलच्या झोपडपट्टीत मुलांना शिकवायला सुरुवात केली. फळा नव्हता, तर काठीने जमिनीवर अक्षरे काढली.

तेव्हा आपले थांबणे कोणत्या जातीचे आहे, हे ओळखण्यासाठी काही साधे प्रश्न पुरेत. या थांबण्याच्या काळात आपण प्रार्थना करतो काय? एखाद्या जाणत्या व्यक्तीचा सल्ला घेतला आहे काय? काही तयारी चालू आहे काय? की उत्तर आपल्याला आधीच ठाऊक आहे आणि आपण फक्त सोयीचा दिवस शोधत आहोत?

येथे आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवू या. देवाला वाहिले आहे असे सांगून आईवडिलांना मदत नाकारणाऱ्यांना प्रभू येशूने कडक शब्दांत खडसावले, हे संत मार्कच्या शुभवर्तमानात ७ व्या अध्यायात आपण वाचतो. म्हणून पाचारणाचे नाव सांगून घरची जबाबदारी झटकता येत नाही. उलट आपल्यासारख्या प्रापंचिक लोकांना देवाची हाक बहुधा घरातूनच येते : अंथरुणाला खिळलेल्या सासूच्या खोलीतून, दारूच्या आहारी गेलेल्या भावाकडून, धर्मगुरू किंवा सिस्टर व्हावेसे वाटते असे चाचरत सांगणाऱ्या मुलाकडून वा मुलीकडून. त्या मुलाला ‘आधी पदवी घे, मग बघू’ म्हणताना, आपण त्याला विचार करायला वेळ देत आहोत की त्याची हाक विझण्याची वाट पाहत आहोत, हे आपले आपल्याला ठाऊक असते.

प्रभूने तर एका कामासाठी वेदीवरचे दानही थांबवायला सांगितले आहे. दान अर्पण करताना भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर दान तेथेच ठेवून आधी समेट करावा, ही त्याची शिकवण आहे. उपासना खोळंबली तरी चालेल, समेट खोळंबता कामा नये! शेताच्या बांधावरून किंवा घराच्या वाटणीवरून अबोला धरलेल्या कुटुंबांनी यावर अवश्य विचार करावा. दोघे एकाच मिस्साला येतात, एकाच वेदीवरून ख्रिस्तशरीर स्वीकारतात आणि दोन वेगळ्या दारांनी बाहेर पडतात, हे दृश्य प्रभूला कसे दिसत असेल?

गालील सरोवराकाठी शिमोन व आंद्रेय यांनी जाळी लगेच सोडली. माणसे धरणारे होणे म्हणजे काय, हे त्यांना त्या दिवशी उमगले असेल असे वाटत नाही; ते त्यांना प्रभूमागे चालता चालता उमगत गेले. आपल्यालाही सारा रस्ता आधी दिसणार नाही. पहिले पाऊल मात्र बहुतेक वेळा स्पष्ट दिसत असते : एक फोन, एक भेट, एक पापनिवेदन, एक क्षमायाचना.

‘मिस्सा’ हा शब्द ज्या लॅटिन शब्दावरून आला, त्याचा संबंध पाठवण्याशी आहे. मिस्साच्या अखेरीस आपल्याला निरोप दिला जातो तो कामाला लागण्यासाठी. आज त्या निरोपाला ‘आमेन’ म्हणू या, आणि दुपारचे जेवण होण्यापूर्वी ते पहिले पाऊल टाकू या.