वातानाबेला लिहिलेलं पत्र

आपल्याकडे कुणावर अन्याय झाला की चार माणसं जमतात आणि थोड्याच वेळात त्यातलं कुणीतरी म्हणतं, "जाऊ दे, झालं गेलं गंगेला मिळालं." हे ज्याचं गेलेलं असतं तो सहसा बोलत नाही. बोलतात ते बाजूचे, ज्यांना घरात शांतता हवी असते. क्षमा ही मोठी गोष्ट आहे हे मला मान्य आहे. म्हणूनच ती दुसऱ्यानं घाईघाईनं उरकून टाकावी, याची मला चीड येते.

लुई झाम्पेरिनी या अमेरिकी सैनिकाची कहाणी मला त्यासाठी आठवते. १९३६च्या बर्लिन ऑलिम्पिकमध्ये तो पाच हजार मीटर धावला होता. पुढं युद्धात तो बॉम्बर विमानावर गेला. २७ मे १९४३ रोजी हरवलेल्या एका विमानाच्या शोधात निघालेलं त्याचं बी-२४ पॅसिफिक महासागरात कोसळलं. अकरा जणांपैकी तिघे वाचले आणि रबरी तराफ्यांवर चढले. जवळ थोडं पाणी होतं आणि थोडी चॉकलेट. पहिल्याच रात्री बाकीचे दोघे झोपले असताना मॅकनमारा या घाबरलेल्या सोबत्यानं सगळी चॉकलेट खाऊन टाकली.

या प्रसंगावर मी पुनःपुन्हा येऊन थांबतो. समुद्राच्या मध्यावर, उद्या काय खायचं ठाऊक नसताना, लुईनं त्याला एवढंच सांगितलं की तू माझी निराशा केलीस. त्यानं चूक झाकली नाही आणि ती उगाळतही बसला नाही. पुढं शार्क उसळी मारून लुईच्या अंगावर आला, तेव्हा वल्हं मारून त्याला परतवणारा हाच मॅकनमारा होता. तेहतिसाव्या दिवशी तो गेला. उरलेले दोघे ४७ दिवसांनी मार्शल बेटांपाशी पोचले, ते थेट जपान्यांच्या हाती.

कैदेत लुईच्या वाट्याला मुत्सुहिरो वातानाबे हा पहारेकरी आला. आधी ओमोरीच्या छावणीत आणि नंतर नाओएत्सूच्या. हा माणूस कैद्यांना पट्ट्यानं, काठीनं मारायचा आणि लुईवर त्याचा विशेष डोळा होता. नाओएत्सूत त्यानं लाकडाची जड तुळई लुईला डोक्यावर धरून उभं केलं होतं. तिकडं अमेरिकेच्या सरकारनं लुई मेला असं त्याच्या घरच्यांना कळवूनही टाकलं होतं.

युद्ध संपलं, लुई घरी आला, पण वातानाबे त्याच्या स्वप्नांतून हलेना. दारू वाढली. एका रात्री स्वप्नात तो वातानाबेचा गळा आवळत होता आणि जागा झाला तेव्हा त्याचे हात गरोदर पत्नीच्या गळ्यावर होते. १९४९ मध्ये तो बिली ग्रॅहम यांच्या प्रवचनाला गेला आणि तिथून पालटला. दुसऱ्या वर्षी तो टोकियोच्या सुगामो तुरुंगात जाऊन आपल्या जुन्या पहारेकऱ्यांना भेटला. त्यांत वातानाबे नव्हता. युद्धगुन्हेगारांच्या यादीत नाव असूनही तो लपून राहिला आणि पुढं खटला न होताच सुटला.

एकनाथांच्या अंगावर पुनःपुन्हा थुंकणारा शेवटी त्यांच्या पायाशी आला, असं आपण लहानपणापासून ऐकतो. त्या गोष्टीनं आपल्याला एक सवय लावली आहे. क्षमा केली की समोरचा वितळणार, असं आपण धरून चालतो. १९९८च्या नागानो हिवाळी ऑलिम्पिकची ज्योत घेऊन ऐंशी ओलांडलेला लुई नाओएत्सूच्या परिसरात धावला, तेव्हा त्यानं वातानाबेला भेटायची तयारी दाखवली होती. वातानाबेनं नकार दिला. लुईनं त्याच्यासाठी पत्र लिहून ठेवलं होतं. त्यात छळाचा स्पष्ट उल्लेख होता आणि क्षमाही होती. दोन्ही एकाच कागदावर.

मला हे पत्र फार मोलाचं वाटतं. काय घडलं ते नाव घेऊन सांगितल्याशिवाय क्षमा कशाची केली, हेच उरत नाही. लुई पुढं आयुष्यभर हे सगळं जाहीरपणे सांगत राहिला. विसरला असता तर सांगितलंच नसतं. आणि वातानाबेवर खटला चालायला हवा होता, असं म्हणायला त्याची क्षमा कुठंही आड येत नाही. क्षमा लुईची होती. न्याय देणं त्याच्या हातात नव्हतं.

नाओएत्सूच्या छावणीत ६० ऑस्ट्रेलियन कैदी मेले आणि युद्धानंतर तिथल्या आठ पहारेकऱ्यांना फाशी झाली. १९९५ मध्ये त्या गावातल्या लोकांनी पुढाकार घेऊन छावणीच्या जागी शांतता उद्यान उभारलं. तिथं त्या साठांचंही स्मारक आहे आणि त्या आठांचंही.