रिकाम्या हातांची भेट

ईदची चाहूल लागली की एक प्रश्न अनेक तरुणांच्या मनात सलू लागतो. तो ते कोणाला विचारीत नाहीत. भिवंडी-मालेगावच्या यंत्रमागावर राबणाऱ्याची मजुरी अडकलेली असते, शहरात शिकणाऱ्याच्या खिशात गावच्या तिकिटापुरतेच पैसे असतात, आणि उद्या अम्मी-अब्बांसमोर उभे राहायचे असते. मग कोणी उसनवारी करतो, कोणी व्याजाच्या हप्त्यांवर मोबाइल उचलतो, तर कोणी 'सुट्टी मिळाली नाही' असे खोटे सांगून घरीच जात नाही. यांतील तिसरा प्रकार सर्वांत दुःखद आहे. जी भेट मनांना जवळ आणण्यासाठी असते, तीच येथे दुराव्याचे कारण बनते.

ज्याच्याजवळ धन नाही, त्याने आई-वडिलांना काय द्यावे? आणि ऐनवेळी स्वतःच्या हातांनी केलेली साधी वस्तू ही खरोखर भेट असते, की लाज झाकण्याचा केवळ एक उपाय?

दिव्य कुरआनच्या 'बनी इस्राईल' या अध्यायात आई-वडिलांविषयीची आज्ञा आली आहे (१७:२३-२४). त्यांना 'उफ्'देखील म्हणू नये, आदराने बोलावे, नम्रतेने झुकावे आणि बालपणीचे संगोपन स्मरून त्यांच्यासाठी दुआ करावी, असा तिचा आशय आहे. यांतील एकही गोष्ट बाजारात विकत मिळत नाही. त्याच ओघात पुढे आप्त, गरजू व वाटसरू यांच्या हक्कांचा उल्लेख येतो आणि मग रिकाम्या हाताचाही विचार केला जातो: आज देता येत नसेल आणि अल्लाहच्या कृपेची प्रतीक्षा असेल, तर निदान मृदू शब्द बोलावा (१७:२८). जे इतरांसाठी, ते आई-वडिलांसाठी किती अधिक! लगेच पुढच्या आयतीत हात आखडू नये आणि निंदित व हताश होऊन बसावे इतका सैलही सोडू नये, अशी ताकीद आहे (१७:२९). ज्या भेटीचे हप्ते पुढे घरालाच पोखरतील, ती भेट कसली?

उशिराचे काय? बुखारी व मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत गुहेत अडकलेल्या तीन माणसांचा प्रसंग आहे. त्यांतील एक जण रोज प्रथम वृद्ध आई-वडिलांना दूध देई आणि नंतरच मुलाबाळांना. एके दिवशी त्याला परतायला उशीर झाला. ते दोघे झोपी गेले होते. त्याने त्यांना उठवले नाही. दुधाचे भांडे हातात घेऊन तो पहाटेपर्यंत उभा राहिला. ते दूध रोजचेच होते आणि त्या रात्री तेही उशिरा आले होते. तरीही त्याच कृत्याचा हवाला देऊन त्याने अल्लाहकडे याचना केली आणि गुहेच्या तोंडावरची शिळा काहीशी सरकली. वजन दुधाला नव्हते, त्या उभे राहण्याला होते.

येथेच आपल्या प्रश्नाचे उत्तर सापडते. भेट जर परतफेड असती, तर गरीब मुलगा कायमचा हरला असता. परंतु ही परतफेड श्रीमंतालाही शक्य नाही. आईला पाठीवर घेऊन काबागृहाची प्रदक्षिणा घालणाऱ्या एका यमनी माणसाने 'माझ्याकडून फेड झाली का?' असे विचारले, तेव्हा हजरत इब्ने उमर (रजि.) यांनी प्रसूतीच्या एका कळेचीही नाही, असे उत्तर दिले. ऋण फिटणारच नसेल, तर किमतीचा हिशेब मुळातच गळून पडतो आणि उरते ते केवळ आपण स्वतःहून काय घेऊन आलो एवढेच.

म्हणून बंधू-भगिनींनो, चांदरातीलाही उशीर झालेला नसतो. अब्बांची तुटलेली तसबीह नव्या दोऱ्यात ओवावी. उसवलेली जानमाज शिवावी. गोळ्यांच्या वेळा मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर लावाव्यात. ईदच्या सकाळी शीरखुर्मा आपण शिजवावा आणि अम्मीला प्रथमच चुलीपासून दूर बसवून पहिला पेला तिच्या हाती द्यावा. अशा कामांत आई-वडिलांना आपली गरज ओळखली गेल्याचे दिसते, आणि ते कोणत्याही वेष्टनातून दिसत नाही.

मात्र एक सावधगिरी हवी. हे सारे ज्याच्याजवळ नाही त्याच्यासाठी आहे. गरजू आई-वडिलांचा उदरनिर्वाह हा ऐपतदार अपत्यावरील हक्क आहे, भेट नव्हे. ज्याच्या खात्यात पैसे आहेत आणि अब्बांचे औषध संपले आहे, त्याने हाताने सजवलेले शुभेच्छापत्र पुढे करणे ही साधेपणाची नव्हे, कंजूषपणाची खूण आहे. तसेच वर्षभर विसरून चांदरातीला आठवण झाली असेल, तर वस्तूपेक्षा वेळ द्यावा.

ज्यांचे आई-वडील हयात नाहीत, त्यांचेही हात रिकामे नाहीत. नेक अपत्याची दुआ मृत्यूनंतरही पोहोचत राहते, अशी शिकवण प्रेषित मुहम्मद (स.) यांनी दिली आहे. तिला ना पैसा लागतो, ना मुहूर्त.

अल्लाह आपल्याला घराकडे वळणारी पावले आणि मृदू वाणी देवो. आमीन.