पेटीतील अधिक आणि अंगावरील उणे

ख्रिस्ती मनुष्याजवळ वस्त्रे किती व कोणती असावीत, हा प्रश्न प्रथमदर्शनी धर्मपत्रात चर्चा करण्याजोगा वाटणार नाही. प्रार्थनेचा व दानाचा विचार पाळकाने करावा. लुगड्या-सदऱ्यांचा विचार शिंप्याने व कापडवाल्याने करावा, असे कोणी म्हणेल. परंतु ज्या उपदेशक बंधूंचे खेड्यापाड्यांतील मंडळ्यांत फिरणे आहे त्यांस हे ठाऊक आहे की, घरातील कर्ज, नवराबायकोतील कुरबूर आणि रविवारी उपासनेस न येण्याचे कारण, या तिहींचा धागा पुष्कळदा कपड्यांच्या पेटीपर्यंत जाऊन पोहोचतो. जे पेटीत आहे ते अंगावर येत नाही, आणि जे अंगास हवे ते पेटीत नाही, अशी स्थिती आमच्या वऱ्हाडातील अनेक घरांत आहे. यास्तव या विषयाचा थोडा शांतपणे विचार करावा असे आम्ही योजिले आहे.

पवित्र शास्त्राने वस्त्राचा विषय क्षुद्र मानलेला नाही. गरिबाचे पांघरूण गहाण घेतले असल्यास ते सूर्यास्तापूर्वी त्यास परत करावे, असा निर्बंध मोशेच्या नियमशास्त्रात आहे. कारण त्याच पांघरुणात तो रात्री निजतो. हन्ना आपल्या शमुवेलासाठी दरवर्षी लहानसा झगा शिवून नेत असे. मूल वाढते व मागल्या वर्षीचा झगा त्यास होत नाही, हे त्या माउलीने ध्यानात ठेविले होते. आणि प्रेषित पौलाने बंदिवासातून तीमथ्यास पत्र लिहिले, त्यात ख्रिस्ताविषयीच्या थोर गोष्टींच्या जोडीला त्रोवसात राहिलेला आपला झगा आणण्याची आठवण केली, व हिवाळ्यापूर्वी येण्याचा यत्न कर असेही सांगितले. ज्याने सर्व काही ख्रिस्तासाठी सोडिले, त्यासही आपल्याजवळ काय उणे आहे हे ओळखून ते वेळेवर मागण्यात लाज वाटली नाही. तेव्हा डोंगरावरील प्रवचनात प्रभूने वस्त्राविषयी चिंता करू नका म्हणून जे शिकविले, त्याचा अर्थ हिशेब करू नका असा करणे बरोबर नाही. चिंता मनुष्यास रात्री जागविते व दिवसा दुकानाकडे ओढते. हिशेब त्यास दोहोंपासून सोडवितो.

आता पुरेसे म्हणजे किती? याची दोन सोपी उत्तरे लोक देत असतात, व आमच्या मते ती दोन्ही अपुरी आहेत.

पहिले उत्तर असे की, जितके कमी तितके पवित्र. या उत्तरास आमच्याच जिल्ह्यात एक मोठा आधार आहे. १८७६ साली अंजनगाव सुर्जी तालुक्यातील शेणगाव येथे परीट कुटुंबात जन्मलेले गाडगे महाराज अंगावर चिंध्यांचे वस्त्र घालीत, हाती खराटा व फुटके गाडगे घेऊन गावोगाव हिंडत, आणि १९५६ च्या २० डिसेंबर रोजी अमरावतीजवळ वलगाव येथे पेढी नदीच्या काठी त्यांनी देह ठेविला. ज्या जातीने इतरांचे कपडे धुतले, त्या जातीतील पुरुषाने स्वतः ठिगळे ल्यावी यात मोठा बोध आहे. परंतु हे विसरू नये की, महाराजांनी चिंध्या लोकांस नेसविल्या नाहीत. उघड्यास वस्त्र द्या, ऋण काढून सण करू नका, अंग व अंगण स्वच्छ ठेवा, हे त्यांचे सांगणे होते. आपली चिंधी त्यांनी आपल्यापाशी ठेविली व दुसऱ्यासाठी धडके वस्त्र मागितले.

दुसरे उत्तर असे की, वस्त्र हीच प्रतिष्ठा. म्हणून जितके अधिक व जितके भारी तितके बरे. हे उत्तर हसून टाळता येत नाही, कारण आमच्या मंडळ्यांतील बहुतेक कुटुंबे ज्या समाजांतून आली, त्यांच्या अंगावरील वस्त्रावरही गावाची सत्ता होती. १९२७ च्या नोव्हेंबरात अमरावतीस अंबादेवीच्या मंदिरप्रवेशाच्या प्रश्नावर परिषद भरली, तिचे अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. आणि पुढल्याच महिन्यात महाड येथे त्यांनी जमलेल्या स्त्रियांस लुगडे नेसण्याची जुनी ठेवण टाकावयास सांगितले, कारण त्या ठेवणीवरून जात ओळखू येत असे. वस्त्र स्वच्छ असावे व ते नीट नेसावे, एवढ्या साध्या गोष्टीत मनुष्यपणाचा केवढा प्रश्न होता, हे त्या दिवशी स्त्रियांस कळले. ज्याच्या आजीला घोट्यापर्यंत लुगडे नेसण्याची मोकळीक नव्हती, त्या नातवाने नवा सदरा हौसेने घातला तर त्यास गर्विष्ठ म्हणण्याची घाई पाळकाने करू नये. पण हेही ध्यानात आणावे की, बाबासाहेबांनी त्या भगिनींस भारी लुगडे विकत घेण्यास सांगितले नाही. जे आहे ते कसे नेसावे हे सांगितले. प्रतिष्ठा खरेदीत आहे असे मानले म्हणजे आपल्या मानाची किल्ली आपण पुन्हा दुसऱ्याच्या, म्हणजे दुकानदाराच्या व पाहणाऱ्याच्या हाती देतो.

मग माप कोणते घ्यावे? बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे लोक आले व आम्ही काय करावे म्हणून त्यांनी विचारले, तेव्हा ज्याच्याजवळ दोन अंगरखे आहेत त्याने एकही नसणाऱ्यास वाटा द्यावा, असे त्याने उत्तर दिले. हे शब्द राजास किंवा सावकारास उद्देशून नव्हते, साध्या गर्दीस उद्देशून होते. येथे कोणी शंका घेईल की, श्रम करणाऱ्यास एक अंगावर व एक वाळत, अशी दोन वस्त्रे तर हवीतच. तीही द्यावी काय? आम्हांस वाटते की, योहानाने संख्येचा नियम घातला नाही, त्याने मोजण्याची रीत बदलली. आपली पेटी मोजताना शेजाऱ्याच्या दांडीवर काय वाळत आहे तेही पाहावे, म्हणजे अधिक कोणते हे आपोआप कळते. आणि उणे कोणते हे कळण्यासाठी आपल्या कामाकडे व ऋतूकडे पाहावे; दुकानाकडे पाहू नये. दुकानात सर्वच उणे दिसते.

कापूस विकून झाल्यावर एखाद्या दुपारी घरातील सर्व कपडे सतरंजीवर काढावेत. नेहमी वापरात आहेत ते एका बाजूस, पाऊस वा थंडीपुरते लागतात ते दुसऱ्या बाजूस, वर्षभर ज्यांची घडी मोडली नाही ते तिसऱ्या बाजूस, आणि फाटलेले चौथ्या बाजूस ठेवावेत. मग मुलाच्या पाटीवर आपल्या वर्षाची कामे लिहावीत: पेरणी, निंदण, फवारणी, वेचणी, पावसातील वाट, थंडीतील रात्रीची राखण, उपासना, दवाखाना, बाळंतपण. प्रत्येक कामासमोर घरातील प्रत्येक माणसाचे वस्त्र मांडावे. जेथे जागा रिकामी राहील ते उणे. ही रीत निरक्षर घरासही जमते, आणि उपदेशकाने आपल्या घरापासून आरंभ केल्यास मंडळीत ती लवकर पसरेल.

असा ताळा घेतल्यास पहिली रिकामी जागा बहुधा फवारणीपुढे दिसेल. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात पऱ्हाटीवर औषध फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व मजूर मेले, आणि शेकडो दवाखान्यात गेले. त्या वर्षी अनेक शेतांत पऱ्हाटी माणसाच्या डोक्यापर्यंत वाढली होती. उडालेले औषध तोंडावर व छातीवर येत होते. औषधांचे मिश्रण, पंपांचा जोर, वाऱ्याची दिशा अशी कारणे पुष्कळ होती. पण पुष्कळांच्या अंगावर त्या कामाचे वस्त्र नव्हते, हेही एक कारण होते. विष केवळ श्वासाने शिरत नाही, ते कातडीतूनही शिरते व ओल्या कपड्यातून अधिक शिरते. लांब बाह्यांचा जाड सदरा, पायघोळ विजार, डोके व मान झाकणारे कापड, रबरी हातमोजे, तोंडपट्टी, चष्मा व बूट, एवढा संच एका लग्नाच्या एका साडीच्या किंमतीत होतो. ते कपडे वेगळे धुवावेत, लेकराच्या झबल्यांत मिसळू नयेत, आणि काम संपताच साबण लावून आंघोळ करावी. ज्या घरात आहेराच्या दहा साड्या घडीत आहेत आणि फवारणाऱ्या पुरुषाच्या अंगावर गंजीफ्रॉक आहे, त्या घरास गरीब म्हणावे की आंधळे म्हणावे, हे वाचकांनीच ठरवावे. शेत दुसऱ्याचे असेल तर हा संच मजुरास देणे मालकाचे काम आहे, आणि मालक ख्रिस्ती असेल तर ते दुप्पट त्याचे काम आहे.

दुसरी जागा उन्हाची. अकोल्यास वैशाखात पारा ४५ अंशांवर जातो, आणि तरी ज्या काळ्या मातीतून कापूस निघतो तेथील माणसे कृत्रिम धाग्याचे, घाम न शोषणारे कपडे अंगावर वागवितात, कारण ते स्वस्त व चकचकीत असतात. १८६१ ते १८६५ या अमेरिकेतील यादवीच्या काळापासून वऱ्हाडच्या कापसाने परदेशच्या गिरण्या चालविल्या. आजही अकोला, अमरावती, खामगाव येथे सरकी काढण्याचे कारखाने आहेत. एक क्विंटल कापसातून सुमारे ३४ किलो रुई निघते, आणि ती बोंडाबोंडातून स्त्रियांच्या बोटांनी वेचलेली असते. त्या वेचणारणीला घरी सुती लुगडे दुर्मिळ असावे, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

तिसरी जागा सांगण्यास संकोच वाटतो, तथापि सांगणे अवश्य आहे. स्त्रियांच्या महिन्याच्या अडचणीसाठी स्वच्छ कापड राखून ठेविलेले नसते. जे असते ते अंधाऱ्या कोपऱ्यात ओले दडविलेले असते, त्यातून रोग होतात. असे कापड धुऊन उघड्या उन्हात वाळविणे यात लाज नाही. बायबलबाईंनी हे घरोघर सांगावे.

या तीन रिकाम्या जागा नीट पाहिल्या तर एक गोष्ट उमगते. घरातील उणे सर्वांच्या वाट्यास सारखे येत नाही. बाजारास जाणाऱ्या पुरुषास तीन सदरे असतात. शेतात राबणाऱ्या स्त्रीस दुसरे लुगडे वाळेपर्यंत थांबावे लागते. म्हाताऱ्या आईच्या गोधडीकडे कोणी पाहत नाही, कारण ती चारचौघांत जात नाही. चार लोकांच्या डोळ्यांसाठी आपण विकत घेतो, आणि जे अंग चार लोकांस दिसत नाही ते उघडे राहते. अधिक आणि उणे हे असे एकाच मुळाचे दोन फाटे आहेत.

अधिकाविषयी आता थोडेच सांगावयाचे आहे. आहेराची वस्त्रे या घरातून त्या घरात फिरतात, कोणी नेसत नाही, आणि प्रत्येक फेरीत कोणाचे तरी कर्ज वाढते. यास्तव मंडळीने एकमताने ठरवावे की, लग्नात आहेर घ्यावयाचा नाही, किंवा घेतला तर वापरात येईल असाच घ्यावयाचा. एकट्या कुटुंबाने हे करणे कठीण, कारण त्यास कंजूष म्हणतात. मंडळीने मिळून केले तर कोणाची मान खाली जात नाही. नाताळात मुलास नवा कपडा घ्यावा, त्यात आनंद आहे. पण हप्त्यावर घेतलेल्या कपड्याचा हप्ता पेरणीपर्यंत पुरत असेल, तर त्या सणाने घरात शांती आणली नाही. आखानाने बाबेलचा सुंदर झगा लुटीतून घेतला व डेऱ्याच्या भुईत पुरला. तो त्यास एकदाही अंगावर घालता आला नाही. चोरीचे पाप त्याचे होते, आमचे नसेल. परंतु न वापरता पुरून ठेविलेल्या झग्याचा निरर्थकपणा आमच्या ट्रंकेतही आहे.

अधिक सापडले म्हणजे ते द्यावे, पण कसे द्यावे यासही धर्म आहे. यापो येथील दुर्कस मेली तेव्हा विधवांनी रडत रडत तिने केलेले अंगरखे व वस्त्रे पेत्रास दाखविली. तिने त्यांस उरलेसुरले दिले नव्हते. त्यांच्यासाठी हाताने केले होते. म्हणून फाटलेले ते गोधडीस लावावे, व जे आपण स्वतः लाज न वाटता घालू तेच दुसऱ्यास द्यावे. देताना मंडळीसमोर नाव घेऊ नये. घेणाऱ्यास पुढील रविवारी तेच वस्त्र घालून दात्यासमोर बसावयाचे असते, हे दात्याने ध्यानात ठेवावे.

शेवटी त्या भगिनीविषयी, जी धडके लुगडे नाही म्हणून प्रभुभोजनाच्या दिवशी घरी राहते. अशी एक तरी भगिनी बहुतेक मंडळीत आहे. ती आळशी आहे अशी नोंद वहीत करणे सोपे आहे. परंतु याकोबाने आपल्या पत्रात, झगझगीत वस्त्राच्या मनुष्यास चांगली जागा व मळकट वस्त्राच्या गरिबास पायांपाशी जागा देणाऱ्या मंडळीस दोष दिला आहे. गरिबास त्याने दोष दिलेला नाही. ती भगिनी येत नाही, कारण आमच्या डोळ्यांनी तिला पूर्वी केव्हातरी मोजले आहे. तिला लुगडे नेऊन देणे हे अर्धे काम झाले. उरलेले अर्धे काम असे की, नाताळाखेरीजच्या रविवारी आम्ही सर्वांनी, पाळकाच्या घरच्यांनीही, रोजच्या धुतलेल्या साध्या वस्त्रांत उपासनेस यावे, म्हणजे कोणाचे लुगडे कोणते हे पाहण्याजोगे काही उरणार नाही.

प्रिय वाचकहो, या हंगामात आपल्या पेट्या एकदा उघडा. काय अधिक आहे ते प्रभूसमोर मोजा, काय उणे आहे ते एकमेकांस सांगा, आणि ज्याने वधस्तंभावर आपला अंगरखाही शिपायांच्या हाती जाऊ दिला, त्याच्या कृपेने मंडळीत कोणी उघडा व कोणी ओझ्याखाली दबलेला राहू नये असे करा.