तात्पुरती झाळ

दुरुस्ती नेमकी कोणासाठी करायची असते? सिलतऱ्यात हा प्रश्न रोज पडतो. रायपूर-बिलासपूर रस्त्यावरच्या या औद्योगिक वसाहतीत स्पंज आयर्नचे कारखाने आहेत. कोळसा आणि खनिज आणणाऱ्या, लोखंड नेणाऱ्या ट्रकांची इथे सतत ये-जा असते. मी एका लहान गॅरेजची बिले लिहितो. मिस्त्रीने जे केले ते शब्दांत मांडण्याचे काम माझ्याकडे येते.

ऑइल कूलरचेच घ्या. टाटाच्या जुन्या ट्रकमधल्या सहा सिलिंडरच्या कमिन्स इंजिनात तो इंजिनाच्या अंगालाच झाकणाखाली बसवलेला असतो. पातळ पत्र्यांच्या आतून तापलेले ऑइल जाते, बाहेरून रेडिएटरचे पाणी. पत्र्याला चीर गेली की चालत्या इंजिनात ऑइल पाण्यात शिरते, कारण ऑइलचा दाब जास्त असतो. इंजिन बंद केले की ऑइलचा दाब उतरतो, पण तापलेल्या पाण्याचा दाब काही वेळ टिकतो. तेव्हा पाणी उलट ऑइलमध्ये उतरू शकते. गाडी उभी असते, ड्रायव्हर जेवत असतो आणि बेअरिंगांचा घात सुरू झालेला असतो.

हेड गॅस्केट गेले तरी खुणा अशाच दिसू शकतात. म्हणून कूलर काढून त्यात हवा भरायची आणि तो पाण्यात बुडवून पाहायचा. बुडबुडा आला की दोष सापडला. नवा कूलर टाकणे हा सरळ उपाय. पण मालक म्हणतो, गाडी जुनी आहे, हप्ते चालू आहेत, झाळ मारून द्या. त्याचे म्हणणे खोटे नसते. झाळलेला कूलर गार असताना बुडबुडा देत नाही. भरल्या गाडीत, चढावर तापल्यावर तो टिकेलच असे मात्र कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

सुमारे पावणेचार हजार वर्षांपूर्वीच्या हम्मुराबीच्या संहितेत, घर कोसळून घरमालक मेला तर बांधणाऱ्याला मृत्युदंड सांगितला आहे. तिथे घर बांधून घेणारा आणि त्या छपराखाली झोपणारा एकच. ट्रकचे तसे नाही. झाळ मालक ठरवतो, पैसे त्याचे वाचतात. केशकाल घाटात इंजिन धरले तर केबिनमध्ये ड्रायव्हर असतो. रात्रभर गाडी राखायची त्यानेच, आणि ‘पाणी का नाही पाहिलेस’ हा ठपकाही त्याच्यावरच.

मग ड्रायव्हरला सांगून टाकले की झाले? मला तसे वाटत नाही. फेरी नाकारली तर ज्याची रोजी जाते, त्याला नुसता धोका सांगणे म्हणजे आपले ओझे त्याच्या डोक्यावर देणे.

झाळ मारण्यात पाप नाही. आहे त्या ऐपतीत गाडी चालती ठेवणे हीही विद्याच आहे. खोट येते ती ‘कूलर दुरुस्त केला’ या तीन शब्दांत. म्हणून मी बिलावर हिंदीत, ठळक लिहितो: कूलर झाळला आहे, बदललेला नाही; रोज सकाळी इंजिन सुरू करण्याआधी ऑइल आणि पाणी पाहावे; ऑइल दुधाळ दिसल्यास गाडी चालवू नये. एक प्रत मालकाला, एक ड्रायव्हरला. काही मालक कुरकुरतात. त्या कागदाने ड्रायव्हरला फेरी नाकारण्याचे बळ येत नाही, हे मला कळते. पण उद्या ठपका आला तर दाखवायला त्याच्या खिशात काहीतरी असते, आणि ‘मला कोणी सांगितले नव्हते’ असे मालकाला म्हणता येत नाही.